मार्क थ्री ॲम्बेसेडरला इसुझूचं इंजिन: आठ महिन्यांचा अनुभव

वडिलांची १९७६ची मार्क थ्री विकायची नाही आणि कोथरूड ते हडपसर रोज तिच्यातूनच जायचं, हा माझा हट्ट. मूळ १४८९ सीसीचं इंजिन चालत होतं, पण नळ स्टॉपला गर्दीत अडकलं की तापमानाचा काटा चढायचा आणि मी सिग्नल सोडून त्याच्याकडेच बघत बसायचो. शेवटी कंपनीने पुढे ॲम्बेसेडरमध्येच दिलेलं १८१७ सीसीचं इसुझू इंजिन आणि त्याचाच पाच गिअरचा बॉक्स बसवला. दोन्ही एकाच गाडीतून उतरवलेले घेतले, म्हणून क्लच-फ्लायव्हीलची जुळवाजुळव वाचली. आतापर्यंत साडेसहा हजार किलोमीटर झाले.

खरं सुख गिअरबॉक्सचं. आधी स्टिअरिंगखालचा दांडा, चारच गिअर, आणि चालत्या गाडीत पहिला टाकायला गेलं की कर्रर्र! आता साताऱ्याला जाताना ऐंशीला पाचवा टाकला की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागत नाही. पहिल्याच दिवशी सिग्नलला आई मागून म्हणाली, "बंद पडली का रे?"

डोकेदुखी झाली ती प्रॉपेलर शाफ्टची, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या लांब दांड्याची. लांबी जुळेना म्हणून लेथवर कापून घेतला आणि बॅलन्स न करताच चढवला. साठच्या पुढे पायाखालचा पत्रा थरथरायचा, डिकीतले पाने वाजायचे. मेकॅनिक चाकांवर खापर फोडत राहिला. दोनदा व्हील बॅलन्सिंगचे पैसे गेले. शाफ्ट उतरवून बॅलन्स केला, त्याच्या सांध्यांतले दोन्ही क्रॉस बदलले, तेव्हा कुठे शांत झालं.

ब्रेक मी पुढे ढकलले, ही चूक. सुमारे पंच्याहत्तर अश्वशक्ती आणि चारही चाकांना जुने ड्रम! पावसात एका बसच्या मागे वीतभर अंतरावर थांबलो आणि त्याच आठवड्यात पुढे डिस्क ब्रेक आणि पायाचा जोर वाढवणारा सर्वो लावले. इंजिनाच्या खर्चातच ते धरा. पेट्रोलचे रबरी पाइपही बदला. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने माझे जुने पाइप मऊ पडले होते, बॉनेट उघडलं की वास यायचा. शहरात मायलेज नऊ. तक्रार नाही.

नवा इंजिन नंबर आरसीवर चढेपर्यंत गाडी घरीच ठेवली. पन्नाशी ओलांडलेल्या गाड्यांसाठी २०२१पासून विंटेज नोंदणी आहे, पण तिला इंजिनात असा बदल चालत नाही आणि ती गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. माझ्या कामाची नाही.

जुनं इंजिन जिन्याखाली ताडपत्रीत आहे. भंगारवाला दर महिन्याला विचारून जातो.