जेरेमी ब्रेटच्या शेरलॉक होम्सचा पूर्ण डीव्हीडी सेट : घ्या, पण क्रमाने बघा

ग्रॅनाडा टेलिव्हिजन या ब्रिटिश कंपनीच्या शेरलॉक होम्स मालिकेचा पूर्ण सेट घ्यावा का, की नुसते गाजलेले भाग शोधून बघावेत असं बरेच जण विचारतात. माझं म्हणणं, पूर्ण घ्या आणि पहिल्या डिस्कपासून शेवटच्या डिस्कपर्यंत क्रमाने बघा, मधलं काही सोडू नका. गोष्टी तर भारी आहेतच, पण १९८४ ते १९९४ अशी होम्स झालेल्या जेरेमी ब्रेट या नटाची दहा वर्षं या डिस्कवर आहेत आणि ती पुढेमागे करून बघितली तर हाताला काही लागत नाही.

आधी सेटबद्दल सांगते. एकूण ४१ भाग, त्यातले ३६ साधारण पन्नास मिनिटांचे आणि पाच सिनेमाएवढे मोठे. चित्र जुन्या टीव्हीच्या मापाचं आहे त्यामुळे आताच्या स्क्रीनवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येणार, ते तसेच राहू द्या, ताणून स्क्रीन भरवली की ब्रेटचा तो तासलेला चेहरा पसरट दिसतो आणि सगळी मजाच जाते. सगळं फिल्मवर शूट केलेलं आहे म्हणून अंधारातल्या सीनमध्ये दाणे दिसतात, मला त्याचा त्रास नाही झाला, उलट ते धुकं आणि गॅसच्या दिव्यांचा पिवळा उजेड फार गुळगुळीत केला असता तर खोटा वाटला असता. सबटायटल चालू ठेवा, कारण ब्रेट एका वाक्यात कुजबुजतो आणि पुढच्याच वाक्याला आवाज असा चढवतो की रिमोट हातातच ठेवावा लागतो. तक्रारी दोन आहेत. डिस्क अडकवायची प्लास्टिकची बटणं ढिली आहेत, खोका उघडला तर एक डिस्क आत सुटी फिरत होती, नशिबाने ओरखडा नव्हता. आणि दुसरी तक्रार मोठी, मेनूमध्ये भागांची नुसती नावं आहेत, कुठला भाग कुठल्या वर्षीचा ते कुठेच नाही. या मालिकेला तर वर्ष माहीत असणं फारच गरजेचं आहे, म्हणून ते मीच खाली देतेय.

त्याआधी माणूस कोण ते. जन्म ३ नोव्हेंबर १९३३, वॉरिकशायरमधलं बर्क्सवेल गाव, खरं नाव पीटर जेरेमी विल्यम हगिन्स. वडील सैन्यात अधिकारी, त्यांना घराण्याचं नाव नाटकवाल्यांच्या पोस्टरवर नको होतं म्हणून पोराने सुटाच्या लेबलवरचं ब्रेट हे नाव उचललं असं तो सांगायचा. शिक्षण ईटन या नावाजलेल्या शाळेत. लहानपणी त्याला र नीट म्हणता येत नव्हता, त्यावर ऑपरेशन झालं आणि नंतर उच्चारांचा रियाझ त्याने कायम चालू ठेवला, हे एकदा माहीत झालं की त्याचा होम्स एकेक अक्षर असं चावून का बोलतो त्याकडे वेगळंच लक्ष जातं. सिनेमावाल्यांना तो १९६४ च्या माय फेअर लेडीमधला फ्रेडी म्हणून आठवेल, देखणा पोरगा, त्यातल्या गाण्याला आवाज मात्र दुसऱ्याचा, बिल शर्लीचा. लंडनला नॅशनल थिएटरमध्येही काम केलं. आणि होम्स व्हायच्या आधी, १९८० मध्ये, लॉस एंजेलिसला रंगमंचावर हॉलिवूडचा नट चार्ल्टन हेस्टन होम्स होता तेव्हा हा त्याचा वॉटसन, म्हणजे होम्सचा डॉक्टर मित्र, होता! म्हणजे होम्सला समोरून बघून झालेला माणूस आहे हा, आणि मला वाटतं म्हणूनच त्याचा होम्स वॉटसनकडे इतकं लक्ष ठेवून असतो, त्याने काय ऐकलं, त्याला काय खुपलं.

आता वर्षं. पहिले १३ भाग १९८४ आणि १९८५ चे. ग्रॅनाडाने मँचेस्टरमध्ये आख्खी बेकर स्ट्रीट, म्हणजे होम्स राहतो तो लंडनचा रस्ता, उभी केली होती आणि निर्माते मायकेल कॉक्स यांच्या टीमने मूळ कथांमधून होम्सच्या सवयी, कपडे, खाणं, खोलीतल्या वस्तू असं सगळं काढून ७७ पानांची बेकर स्ट्रीट फाइल तयार केली होती, ब्रेट ती जवळ बाळगायचा आणि कथेपासून स्क्रिप्ट लांब गेली की भांडायचा. होम्सच्या कथा पहिल्यांदा छापणाऱ्या स्ट्रँड मासिकातली सिडनी पॅजेटची चित्रं ज्यांनी बघितलीयेत त्यांनी मध्येच पॉज करून बघा, बसणं, हाताची बोटं, रेल्वेच्या डब्यातली झुकण्याची पद्धत, कितीतरी फ्रेम थेट त्या चित्रांवरून उचलल्यात. या डिस्कवरचा ब्रेट सडपातळ आहे, चपळ आहे, क्षणात हसतो आणि क्षणात ते हसू पुसून टाकतो. डेव्हिड बर्कचा वॉटसनही मस्त, हुशार आणि मिश्कील, बावळट अजिबात नाही. हा टप्पा द फायनल प्रॉब्लेमला संपतो, त्यात होम्स धबधब्यात पडून मेला असं सगळ्यांना वाटतं, आणि त्यासाठी ते खरंच स्वित्झर्लंडला रायशेनबाखच्या धबधब्यावर गेले होते.

इथे जरा थांबा आणि मग पुढची डिस्क लावा. १९८५ मध्येच ब्रेटची बायको जोन विल्सन कॅन्सरने गेली. ती बॉस्टनला टीव्ही निर्माती होती. ब्रेट कोसळला, १९८६ मध्ये हॉस्पिटलात ठेवावं लागलं, बायपोलर या मानसिक आजाराचं निदान झालं आणि त्यावरचं लिथियम हे औषध सुरू झालं. पुढच्या डिस्कवर होम्स परत येतो तो अशा माणसाच्या अंगात परत येतो. बर्क रॉयल शेक्सपियर कंपनी या नाटक कंपनीत गेल्यामुळे वॉटसनही बदललाय, एडवर्ड हार्डविक. आधी मला तो मवाळ वाटला पण दोनतीन भागांत पटलं की आता असाच वॉटसन हवा होता, जास्त काळजी करणारा, कमी बोलणारा.

या टप्प्यातला १९८८ चा द डेव्हिल्स फूट मात्र काहीही झालं तरी बघाच. होम्स आजारी आहे म्हणून वॉटसन त्याला कॉर्नवॉलला घेऊन गेलाय. ब्रेटचे केस बारीक कापलेले आहेत, चेहरा ओढलेला. समुद्रकाठी होम्स खिशातून कोकेनची सिरिंज काढतो आणि वाळूत पुरून टाकतो, संवाद नाही, काही नाही. ही गोष्ट मूळ कथेत नाही, लहान मुलंही मालिका बघतात म्हणून होम्सचं व्यसन सुटलेलं दाखवावं असं ब्रेटला वाटलं आणि त्यासाठी मूळ लेखक कॉनन डॉयलच्या मुलीची, डेम जीनची परवानगी घेतली. कथेशी एक शब्द इकडेतिकडे झाला की वाद घालणारा माणूस इथे स्वतःहून कथेच्या बाहेर जातो. त्याच भागात विषारी धुराने भ्रम झाल्यावर होम्स ओरडतो तेव्हा वॉटसन म्हणत नाही, जॉन म्हणतो. मी ते रिवाइंड करून परत परत ऐकलं.

१९९१ पासून पुढे शरीर बदललेलं दिसतं. औषधांमुळे अंगात पाणी साठून चेहरा आणि अंग सुजायचं, त्यात हृदय आधीच कमजोर आणि सिगारेट भयंकर. काही लोक या डिस्कबद्दल होम्स जाडा झाला एवढंच लिहून पुढे जातात, ते वाचून खरंच राग येतो, आजारी माणूस रोज सेटवर येऊन एवढं करतोय हे दिसत नाही का? आता कौतुकापोटी सगळंच चांगलं म्हणणार नाही. १९९२-९३ च्या तीन मोठ्या भागांपैकी द मास्टर ब्लॅकमेलर चांगला आहे, बाकी दोन छोट्या कथा ताणून ताणून केलेत, कॉनन डॉयल त्यात फारसा उरलेला नाही आणि दोष पटकथेचा आहे, नटाचा नाही.

शेवटचे सहा भाग १९९४ चे. द मॅझरिन स्टोनमध्ये होम्स जेमतेम दिसतो कारण ब्रेट खूप आजारी होता, म्हणून चार्ल्स ग्रेच्या मायक्रॉफ्टने, होम्सच्या भावाने, काम सांभाळून घेतलं. आणि द डाइंग डिटेक्टिव्हमध्ये होम्स मरणाच्या दारात असल्याचं सोंग करतो, कोरडे ओठ, घोगरा आवाज, आणि आपल्याला माहीत असतं की सोंग फक्त होम्सचं आहे. हे सगळं असूनही डोळे बघा, आवाज बघा, गुन्हेगार जाळ्यात सापडतो तेव्हाची ती मान वळवणं बघा, १९८४ मधलंच आहे, तितकंच धारदार. शेवटचा भाग ११ एप्रिल १९९४ ला लागला आणि १२ सप्टेंबर १९९५ ला ब्रेट हृदय बंद पडून लंडनमध्ये गेला, ६१ वर्षांचा होता. कॉनन डॉयलच्या ६० कथांपैकी बऱ्याच करायच्या राहूनच गेल्या.

नवीन बघणाऱ्याने सुरुवात अ स्कँडल इन बोहेमियापासूनच करावी, पहिलाच भाग आहे आणि त्यात घोड्यांचा मोतद्दार आणि पाद्री अशी दोन सोंगं ब्रेट घेतो. एका बैठकीत दोनच्या वर भाग बघू नका, त्याचा अभिनय फार दाट आहे, घाई केली तर बारीक गोष्टी सुटतात. पैसे थोडे कमी पडत असतील तर पहिले १३ भाग वेगळे मिळाले तर ते घ्या आणि बाकीचे नंतर. खोका आला की सगळ्या डिस्क लगेच लावून तपासा, ती बटणं खरंच ढिली आहेत, बदलून घ्यायची मुदत गेल्यावर कोणी दाद देत नाही.