कॅप्टन कुकचं जुनं एनग्रेव्हिंग: एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

इंग्लंडमधल्या एका विक्रेत्याकडून मागवलेलं, अठराव्या शतकातला इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन जेम्स कुक याचं एनग्रेव्हिंग (धातूच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेलं चित्र) गेल्या हिवाळ्यापासून दादरच्या घरात आहे. अख्खा पावसाळा त्याने इथे काढला, तेव्हा आता लिहायला हरकत नाही.

नॅथॅनिएल डान्सने 1776 मध्ये कुकला समोर बसवून तैलचित्र केलं. ते आज ग्रीनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियममध्ये आहे. त्यावरून पुढे अनेकांनी छापे केले. शेर्विन या खोदकाराचा 1784 चा छापा सगळ्यात नावाजलेला, भावही तसाच. माझा 1830 च्या दशकातला, पोलादी पत्र्यावरचा, कुठल्याशा चरित्रसंग्रहातून सुटा केलेला. तांब्याचा पत्रा लवकर झिजतो, पोलादावरून हजारो प्रती निघतात. त्यामुळे असे छापे मुबलक मिळतात आणि खिशाला झेपतात. मूळ चित्रात कुकपुढे त्याचाच दक्षिण महासागराचा नकाशा पसरलेला आहे. माझ्याकडचा कुक छातीपर्यंतच, त्यामुळे नकाशा गेला. ही चुटपुट राहिली.

कोलंबस किंवा मॅगेलन का नाही? त्यांना समोर बसवून काढलेलं खात्रीचं एकही चित्र नाही. कोलंबस वारला 1506 मध्ये आणि त्याच्या सगळ्यात प्रसिद्ध चित्रावर साल आहे 1519. कुणाच्या तरी कल्पनेतल्या चेहऱ्याला मी पैसे मोजणार नाही.

खरी मजा भिंगाखाली आहे. चेहरा निव्वळ टिंबांचा: गालावर विरळ, नाकाच्या सावलीत दाट, पण एकाही ओळीत न बसणारी. आजच्या ऑफसेट छपाईच्या नकलेत टिंबं जाळीसारखी शिस्तीत दिसतात, तिथेच अस्सल-नक्कल कळतं. कोट मात्र रेघांचा. बटणावरची चकाकी म्हणजे कोरा सोडलेला कागद, बस. पाहुण्यांना भिंग दिलं की चहा गार होतो.

फ्रेमिंगचा अनुभव मात्र वैतागाचा. फ्रेमवाल्याने सेलोटेप हातात घेतलाच होता! मग ॲसिड-फ्री माउंट (छाप्याभोवतीचा, आम्ल नसलेला पुठ्ठा) बाहेरून आणून दिला आणि छापा फक्त वरच्या कडेला, जपानी कागदाच्या बिजागऱ्यांवर, गव्हाच्या खळीने लटकवून घेतला. काच छाप्याला टेकत नाही. फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे आहेत, म्हणजे हवा खेळती राहते. ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर लावलाच नाही, आतल्या भिंतीवर आहे, तिथे ऊनही पोचत नाही.

निकाल: खालच्या समासातले तपकिरी डाग आले तेव्हा होते तेवढेच आहेत, नवा एकही नाही. कागद चिंध्यांचा, लाकडाच्या लगद्याचा नाही, म्हणून जवळपास दोनशे वर्षांनंतरही पिवळा पडून तुटत नाही. तक्रार एकच, काच आल्यापासून भिंग नीट चालत नाही. असले छापे भिंतीपेक्षा फोल्डरमध्ये ठेवून हातात घेऊन बघावेत, या मताला मी आलोय. घरच्यांना ते पटत नाही.

"साहेबाचा फोटो कशाला लावलास?" हा प्रश्न दर सणाला ठरलेला. कुक भारतात कधी आलाच नव्हता, हे सांगून काही फरक पडत नाही. हवाईच्या लोकांनी 1779 मध्ये त्याला किनाऱ्यावरच मारलं, हे सांगितल्यावर काका जरा निवळले.

आता विल्यम डॅम्पियर हा आणखी एक इंग्रज दर्यावर्दी शोधतोय. थॉमस मरेने रंगवलेल्या त्याच्या चित्रावरून केलेला छापा हवाय. एक सापडलाय, पण कागदाच्या पाठीमागचा फोटो मागितल्यापासून विक्रेता गप्प आहे. पाठ बघितल्याशिवाय घेणार नाही.