व्हॅल्प्रोएट की लेव्हेटिरासिटॅम: किशोरवयात सुरू होणाऱ्या अपस्मारासाठी औषध निवडताना

सकाळी उठल्यावर थोडा वेळ हात दचकल्यासारखे उडणे, त्यामुळे हातातला ब्रश किंवा कप निसटणे आणि पुढे एखाद्या जागरणानंतर सर्वांगाची फिट येणे, हे जुवेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी या अपस्माराचे नेहमीचे रूप आहे. हा विकार बहुधा किशोरवयात सुरू होतो आणि औषधाला चांगला प्रतिसाद देतो. मात्र औषध थांबवल्यावर फिट परत येण्याची शक्यता मोठी असल्याने गोळ्या अनेक वर्षे, पुष्कळदा आयुष्यभर घ्याव्या लागतात. सकाळचे झटके घरात धांदरटपणा म्हणून दुर्लक्षिले जातात. ते डॉक्टरांना आवर्जून सांगावेत, कारण एरवी सर्रास दिली जाणारी कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइन ही औषधे या प्रकारात झटके वाढवू शकतात. निदान पक्के झाले की बहुतेक वेळा निवड व्हॅल्प्रोएट आणि लेव्हेटिरासिटॅम या दोन औषधांमध्ये करायची असते.

केवळ फिट थांबवण्याच्या क्षमतेकडे पाहिले, तर व्हॅल्प्रोएट सरस आहे. त्याचा फिटविरोधी गुण १९६२ साली फ्रान्समध्ये योगायोगाने लक्षात आला, कारण इतर संयुगे तपासताना ते केवळ द्रावक म्हणून वापरले जात होते. मेंदूतील पेशींची अतिरिक्त उत्तेजना ते एकाहून अधिक मार्गांनी शमवते, आणि म्हणूनच झटके, क्षणभर भान हरपणे आणि सर्वांगाची फिट या तिन्हींवर त्याचा उपयोग होतो. लेव्हेटिरासिटॅम १९९९ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले नवे औषध असून ते पेशींच्या टोकाशी असलेल्या एसव्ही२ए या प्रथिनाला चिकटून काम करते. ब्रिटनमध्ये सर्वांगी किंवा वर्गीकरण न झालेल्या अपस्माराच्या ५२० रुग्णांवर या दोन औषधांची थेट तुलना झाली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत, सलग बारा महिने फिटमुक्त राहण्याच्या कसोटीवर लेव्हेटिरासिटॅम व्हॅल्प्रोएटच्या तोडीचे ठरले नाही.

तरीही रुग्ण मुलगी किंवा तरुणी असेल, तर माझ्या मते सुरुवात व्हॅल्प्रोएटने करू नये. एरवी शंभर बाळांपैकी दोन-तीन बाळांमध्ये मोठे जन्मजात व्यंग आढळते. आईने गरोदरपणात व्हॅल्प्रोएट घेतले असल्यास हे प्रमाण शंभरात सुमारे दहापर्यंत जाते, आणि त्यात पाठीच्या कण्याचे, हृदयाचे आणि टाळूचे दोष येतात. त्याहूनही गंभीर बाब अशी की अशा मुलांपैकी तीस ते चाळीस टक्के मुलांच्या बौद्धिक वाढीत, बोलण्यात किंवा वर्तनात अडचणी दिसतात, आणि स्वमग्नतेचा धोकाही वाढतो. डोस जितका मोठा तितका धोका अधिक, पण निर्धास्त राहावे असा कोणताही डोस नाही. फॉलिक अॅसिड जरूर घ्यावे, मात्र त्याने हा धोका टळत नाही. बाळाच्या मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतरच्या पहिल्या चार आठवड्यांत मिटते, म्हणजे अनेक स्त्रियांना दिवस गेल्याचे नुकतेच कुठे कळत असते. लेव्हेटिरासिटॅमबाबत आजवर जमा झालेली माहिती बरीच दिलासादायक असून व्यंगाचे प्रमाण सर्वसाधारण प्रमाणाच्या जवळपास आहे.

मुलगी चौदा वर्षांची असताना गर्भारपणाचा विषय काढणे अनेक पालकांना अकाली वाटते, आणि पुढे लग्न ठरताना आजारच लपवला जातो. ज्या घरात गोळ्या चोरून घ्याव्या लागतात, तिथे औषध बदलण्याचे नियोजन करणार कोण? हिंदू विवाह कायद्यातील विवाहाच्या अटींमधून अपस्माराचा उल्लेख १९९९ सालच्या दुरुस्तीने वगळला गेला आहे, ही गोष्ट दोन्हीकडच्या कुटुंबांना ठाऊक असायला हवी.

मुलगा असेल, तर व्हॅल्प्रोएट हाच आजही सहसा पहिला पर्याय असतो. अर्थात युरोपातील औषध नियामकांनी २०२४ साली पुरुषांसाठीही सावधगिरीची सूचना दिली आहे: गर्भधारणेपूर्वीच्या तीन महिन्यांत वडील हे औषध घेत असल्यास मुलांच्या वाढीवर परिणाम होण्याची शक्यता नाकारता येत नाही. मूल हवे असण्याच्या टप्प्यावर पुरुषानेही डॉक्टरांशी बोलावे.

लेव्हेटिरासिटॅमची उणी बाजू स्वभावात दिसते. चिडचिड, संताप, उदासी आणि क्वचित आत्महत्येचे विचार यांची सुरुवात बहुधा पहिल्या काही आठवड्यांत होते. दहावी-बारावीच्या मुलाची चिडचिड अभ्यासाच्या ताणावर ढकलणे सोपे असल्याने घरच्यांनी गोळी सुरू होण्याआधीचा स्वभाव लक्षात ठेवून तुलना करावी, आणि आधीच नैराश्य असल्यास ते प्रथम भेटीतच सांगावे. व्हॅल्प्रोएटने वजन वाढते, केस गळतात, हात थरथरतात, पाळी अनियमित होऊ शकते. क्वचित यकृत किंवा स्वादुपिंडाला गंभीर इजा होते, त्यामुळे सतत उलट्या, पोटदुखी किंवा कावीळ दिसताच डॉक्टरांना गाठावे. यकृताचा आजार असल्यास लेव्हेटिरासिटॅम सोयीचे पडते. ते मुख्यतः लघवीवाटे बाहेर जात असल्याने मूत्रपिंड कमजोर असल्यास त्याचा डोस घटवावा लागतो. अर्धशिशीचा त्रासही असेल, तर व्हॅल्प्रोएटचा तिथेही उपयोग होतो.

औषध बदलायचे ठरल्यास साधारणतः नवे औषध वाढवत नेऊन मग जुने सावकाश कमी केले जाते. व्हॅल्प्रोएट चालू असताना दिवस गेल्याचे कळले, तर गोळी मनाने बंद न करता डॉक्टरांना तातडीने भेटावे, कारण एकाएकी औषध सुटल्यावर येणारी दीर्घ फिट आई आणि बाळ या दोघांच्या जिवावर बेतू शकते. लेव्हेटिरासिटॅमची रक्तातील पातळी गरोदरपणात खालावते, म्हणून त्या काळात डोस वाढवावा आणि बाळंतपणानंतर पुन्हा उतरवावा लागू शकतो. दोन्ही औषधांवर स्तनपान सहसा करता येते. मात्र या अपस्मारात अपुरी झोप हेच फिटचे मोठे निमित्त असल्याने रात्रीच्या निदान एका पाळीला बाळाला सांभाळण्याचे आणि काढून ठेवलेले दूध पाजण्याचे काम घरातल्या दुसऱ्या कोणीतरी घ्यावे, आणि हे बाळंतपणाआधीच ठरवून ठेवावे.