बुक स्कॅनर की कॅमेरा? फारसी-उर्दू हस्तलिखितांसाठी

घरच्या पेटीतली किंवा मशिदीच्या कपाटातली फारसी, अरबी, उर्दू हस्तलिखितं डिजिटल करायची, तर प्रश्न येतो तो असा: तयार बुक स्कॅनर घ्यावा की स्टँडवर कॅमेरा लावावा? फ्लॅटबेडचं, म्हणजे काचेवर पान पालथं ठेवायच्या स्कॅनरचं, नावच काढू नका. ग्रंथ पालथा दाबला की शिवण गेलीच. मोमिनपुऱ्यातल्या एका घरगुती संग्रहासाठी मी दोन्ही वापरले.

स्कॅनर वेगवान, यात वाद नाही. एकटा माणूस दुपारभरात जाडजूड ग्रंथ उरकतो. लखनौच्या नवलकिशोर प्रेससारखी (स्थापना 1858) लिथो (दगडावरून छापलेली) पुस्तकं असतील, तर खुशाल तोच घ्या. पानांवर क्रमांक छापलेले असतात.

हस्तलिखितांत क्रमांक बरेचदा नसतातच. उघड्या ग्रंथाच्या उजव्या पानाच्या तळाशी, शिवणीच्या बाजूला, पुढच्या पानाचा पहिला शब्द लिहिलेला असतो. पानं सुटी झाली की क्रम लावायला तेवढाच आधार. आमच्या स्कॅनरचं सॉफ्टवेअर पानाचा बाक सरळ करताना नेमका तोच कोपरा छाटायचं! शिवाय या उजवीकडून वाचायच्या ग्रंथांतही डावं पान पहिलं धरायचं. सेटिंग बदलावं, तर दुसऱ्या दिवशी ये रे माझ्या मागल्या. कागद पांढराशुभ्र करायची हौस तर विचारूच नका. कसरीचं भोक आणि नुक्ता (अक्षराचा ठिपका), दोन्ही सारखेच काळे. शब्दाच्या सुरुवातीला एक ठिपका वाढला की ‘नून’चा (न) ‘ते’ (त) होतो. कदाचित महागड्या यंत्रात हे होत नसेल.

कॅमेऱ्याचं काम रेंगाळतं. व्ही आकाराच्या पाळण्यात ग्रंथ अर्धाच उघडायचा, आधी सगळी उजवी पानं, मग डावी, नंतर फाइली आलटूनपालटून जुळवायच्या. जोडीला माणूस हवाच. घोटलेल्या कागदावर चमक येते, त्यामुळे दिवे हलवत बसावं लागतं. पण 24 मेगापिक्सेलचा जुना कॅमेराही फूटभर पानाला 400 डीपीआय (इंचाला 400 ठिपके) आरामात देतो. पानामागे कोरा कागद सरकवला की भोक भोकच दिसतं, आणि हाशियातल्या (समासातल्या) टिपा, तांबडी शीर्षकं जशीच्या तशी येतात.

मे महिन्यात मात्र कूलर बंद ठेवायचा. काजळीच्या शाईला त्याचा दमट झोत चालत नाही, आणि स्टँडही थरथरतो. म्हणून सकाळी लवकर बसायचं, ऊन चढलं की आवरतं घ्यायचं.

छापील पुस्तकंच जास्त असतील तर माझं ऐकू नका. हस्तलिखितं असतील, तर लेन्सआधी पाळण्यावर खर्च करा. प्लायवूडचा पाळणा ओळखीचा सुतारही करून देतो.