शिशाचे मणी ओतण्याचा अ‍ॅल्युमिनियमचा साचा : वर्षभराच्या वापरानंतर

तापीवरील हतनूर धरणाच्या फुगवट्यावर, म्हणजे धरणामागे साठलेल्या पाण्यात, फेकजाळे टाकणाऱ्यांना जाळ्याच्या घेरासाठी शिशाचे मणी सतत लागतात, आणि ते बाजारातून घेण्यापेक्षा घरी ओतणे स्वस्त पडते. त्यासाठी गेल्या पावसाळ्याआधी मी सहा खोबणींचा, लाकडी मुठींचा अ‍ॅल्युमिनियमचा साचा घेतला. त्याआधी आमच्याकडे लेथवर करून घेतलेला बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, साचा होता व तो अजूनही आहे, त्यामुळे तुलना करणे सोपे गेले. नवा साचा घेण्यासारखा आहे. मात्र त्याची निगा बीडाच्या साच्यासारखी राखली, तर तो लवकर बिघडतो.

सोबत आलेल्या कागदावर ‘काम झाल्यावर आतून तेल लावून ठेवावे’ असे छापले होते. बीडाला हा सल्ला योग्य आहे, कारण जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत बीड चार दिवसांत तांबूस पडते. अ‍ॅल्युमिनियमला तसा गंज चढत नाही, त्यामुळे तिथे तेलाचा उपयोग थोडा आणि उपद्रव मोठा. खोबणीत तेलाचा अंश राहिला, की वितळलेले शिसे पडताच त्याची वाफ होते, ती धातूला भिंतीला टेकू देत नाही आणि मण्याच्या अंगावर सुरकुत्या उमटतात. नवा साचा कारखान्यातून येतो तोही कापकामाच्या तेलासकटच. म्हणून पहिल्या वापराआधी तो भांड्यांच्या साबणाने व मऊ टूथब्रशने कोमट पाण्यात धुवावा, पूर्ण वाळवावा, थिनरमध्ये बुडवलेल्या सुती फडक्याने पुसावा आणि थिनर पूर्ण उडून गेल्याशिवाय शेगडीजवळ नेऊ नये. एवढे करूनही सुरुवातीचे मणी सुरकुतलेलेच निघतात. ते परत कढईत टाकावेत. साचा दोन-तीनदा तापून निवला, की खोबणीला फिकट करडी झाक येते आणि मणी गुळगुळीत उतरू लागतात.

ही झाक म्हणजे घाण नव्हे, हे येथे मुद्दाम लिहितो, कारण साचे बिघडतात ते बहुधा अति साफसफाईनेच. दर वेळी पॉलिश पेपर मारून साचा नव्यासारखा चकचकीत करण्याची हौस अनेकांना असते. अ‍ॅल्युमिनियम मऊ असते. कागदाने खोबणीच्या कडा गोलावतात, मग दोन्ही भाग मिटले तरी सांध्यात फट राहते, त्या फटीत शिसे शिरते आणि मण्याच्या कमरेभोवती पातळ पापुद्रा तयार होतो. हा पापुद्रा जाळ्याचा नायलॉन दोरा हळूहळू कापतो. मणी ओवताना बोटाला कड लागली, तर दोष मण्यात शोधू नये, साच्याचा सांधा उजेडाकडे धरून पाहावा.

सांध्याच्या सपाट भागावर शिशाचा ठिपका चिकटणे हीच नेहमीची अडचण आहे. शिसे अ‍ॅल्युमिनियमशी एकजीव होत नाही, पण साचा जोराने मिटला की मध्ये अडकलेला कण चेपून पसरतो. तो चाकूने किंवा कानशीने काढू नये. साचा इतका तापू द्यावा की कण मऊ होईल, आणि मग जाड सुती कापडाने एका झटक्यात पुसून घ्यावा. राहिलाच तर बांबूची कामटी चालवावी. कापड निव्वळ सुतीच हवे, टेरिकॉट तापलेल्या साच्यावर वितळून चिकटते आणि मग एकाऐवजी दोन गोष्टी खरवडाव्या लागतात. कपाशीच्या मुलखात सुती चिंध्यांना तोटा नाही, हे आपले भाग्य.

तेल पूर्ण वर्ज्य आहे असे मात्र नाही. दोन्ही भाग जुळवणाऱ्या पोलादी पिना व बिजागरी यांना ते लागतेच, नाहीतर पोलाद अ‍ॅल्युमिनियमला खाते आणि छिद्रे सैल होतात. साचा गरम असताना काडीच्या टोकाने अगदी थेंबाचा अंश लावावा. जास्त लावले, तर ते पाझरत खोबणीत उतरते. मण्यातून भोक पाडणाऱ्या सळईला तेल न लावता मेणबत्तीची काजळी धरावी. शिसे थिजताना आकसते व सळईला आवळते, काजळीमुळे ती सुटते. शिसे थिजताच, गरम असतानाच सळई ओढावी.

उष्णतेच्या बाबतीत दोन्ही साच्यांचा स्वभाव वेगळा आहे. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, आणि ओतण्यासाठी ३७० ते ४०० अंश पुरेसे होतात. अ‍ॅल्युमिनियम बीडापेक्षा कितीतरी लवकर उष्णता पसरवते, त्यामुळे साचा झटपट तापतो आणि सकाळच्या गारव्यात झटपट निवतोही. थंड साच्यात मणी अर्धवट भरतो. म्हणून आधी शेगडीच्या कडेला साचा शेकून घ्यावा, त्यात मुरलेली ओलही निघून जाते. ओल राहिलेल्या साच्यात शिसे ओतले, तर पाण्याची क्षणात वाफ होऊन धातू अंगावर उडतो. वैशाखात उलट अडचण येते; साचा निवत नाही आणि मणी उघडताना मोडतो. अशा वेळी साचा पाण्यात न बुडवता लोखंडी पाटावर ठेवून थोडे थांबावे, कारण पाण्याने तो वाकतो.

शिसे कसले आहे यावरही साच्याची स्वच्छता अवलंबून असते. महामार्गालगतच्या टायरवाल्यांकडे चाकांची जुनी वजने मिळतात, पण हल्ली त्यांत जस्ताचीही असतात. जस्त ४१९ अंशांना वितळते, म्हणून कढई ४०० च्या आत ठेवली तर ती न वितळता वर तरंगतात व पळीने काढता येतात. एकदा मिसळली, की शिसे घट्ट ओघळते आणि खोबणी नीट भरत नाही. जुन्या बॅटरीचे शिसे घेऊच नये; ते वितळवताना वर येणाऱ्या राखेला ओल लागली तर विषारी वायू निघू शकतो. कढईवरची करडी राख, पुसलेल्या चिंध्या आणि साचा घासलेला ब्रश यांत शिशाची धूळ असते. शिशाची कोणतीही मात्रा सुरक्षित मानलेली नाही आणि लहान मुलांना त्याचा धोका अधिक असतो. हे काम अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून करावे, स्वयंपाकाचे भांडे त्यात आणू नये, आणि हात धुतल्याशिवाय पाण्याच्या माठाला हात लावू नये.

साच्याबद्दल तक्रार एकच आहे. लाकडी मुठी उष्णतेने आकसून सैल झाल्या, आणि विकणाऱ्याकडे त्या सुट्या मिळत नाहीत. सुताराकडून बाभळीच्या करून घेतल्या, त्या घट्ट बसल्या आहेत. वर्षातून एखाद्याच जाळ्यापुरते मणी लागत असतील, तर मात्र बीडाचा साचाच पुरे आहे. तेल पुसून, शेकून, ओतून पुन्हा तेल लावले की तो पुढच्या हंगामापर्यंत काही मागत नाही.