आईच्या लुगड्यांची गोधडी दिली आणि आली दुसरीच

लेकीच्या रुखवतात मांडण्यासाठी मी दिवाळीपासून गोधडी शिवत होते. माझ्या दिवंगत आईची चार जुनी सुती लुगडी धुऊन, एकावर एक अंथरून, कडेपासून आत धावदोरा घालत निम्म्याहून अधिक काम मी पुरे केले होते. मात्र फाल्गुनात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, डॉक्टरांनी बारीक काम बंद करायला सांगितले आणि वैशाखातले लग्न दीड महिन्यावर येऊन ठेपले.

त्याच सुमारास व्हॉट्सॲपवर एका गृहस्थांचा संदेश फिरत आला की, गावाकडच्या बायकांकडून अर्धवट गोधड्या हाताने पूर्ण करून मिळतील. त्यांनी ६,००० रुपये सांगितले आणि निम्मे आगाऊ मागितले. मी फोनवरूनच पैसे पाठवले आणि दारात आलेल्या मुलाच्या हाती गोधडी सोपवली. ना पावती घेतली, ना काम चालते ती जागा पाहिली. पुढे आज बाई आजारी, उद्या दोरा संपला असे सुरू झाले आणि शेवटी उरलेले पैसे दिल्याशिवाय माल निघणार नाही, असा निरोप आला. घरात लग्नाची गडबड असल्यामुळे मी तेही देऊन टाकले.

लग्नाला सहा दिवस उरले असताना पार्सल आले. वरचा रंग हिरवाच होता, पण मांडीवर घेताच ती हलकी लागली. चार लुगड्यांची गोधडी अंगावर घेतली की तिचे वजन जाणवते. ही उशीच्या अभ्र्यासारखी उचलली गेली. चष्मा लावून शिलाई पाहिली, तर दोन्ही बाजूंनी सलग रेघ होती. हाताच्या धावदोऱ्यात टाका, मग मोकळी जागा, मग पुन्हा टाका असे दिसते; अशी सलग रेघ यंत्राची असते. कापडाचा एक धागा काढून पेटवला. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि त्याची मऊ राख होते, पण हा आक्रसला आणि त्याचा काळा, टणक मणी झाला.

फोन केल्यावर त्यांनी आधी वाद घातला आणि मग पैसे परत करतो, कोड स्कॅन करून पिन टाका, असे सांगितले. भाच्याने माझा हात धरला. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की आपल्याच खात्यातून पैसे जातात, हे मला त्या दिवशी कळले. त्यानंतर तो क्रमांक बंद आहे. १९३० या सायबर हेल्पलाइनवर आणि पोलीस ठाण्यात आम्ही तक्रार नोंदवली आहे. वस्तू किंवा सेवेबद्दलच्या तक्रारीसाठी १९१५ ही ग्राहक हेल्पलाइनही आहे.

घरची जुनी वस्त्रे कोणाला देणार असाल, तर दोन्ही बाजूंचे आणि चारही कोपऱ्यांचे फोटो काढा, वजन करून ते पावतीवर लिहून घ्या आणि वस्तू उलगडून पाहिल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. पैसे पुन्हा कमावता येतील, पण आईची लुगडी मी कुठून आणू?

रुखवतात शेवटी तिच्या पदराचा उरलेला वीतभर तुकडा मांडला. माझ्या गोधडीचा वरचा थर हिरव्या लुगड्याचा असून काठ लाल आहेत आणि एका कोपऱ्यात पिवळ्या दोऱ्याने तुळशीवृंदावन काढले आहे. जुनी गोधडी म्हणून अशी कुठे विकायला दिसली, तर कृपया तो कोपरा उलटून पाहा आणि मला कळवा.