दार लावायचं की उघडं ठेवायचं?

मेढ्याहून पहिल्या एसटीने निघालेली मुलगी साताऱ्यात साडेसातच्या तासाला दहा मिनिटं उशिरा पोचते. धाकाने शिकवणारे सर दार लावून घेतात. वर्ग शांत, पोर्शन वेळेत, हजेरी चोख; हे फायदे खोटे नाहीत. पण ती मुलगी हळूहळू यायचीच बंद होते.

सेवाभावाने शिकवणारा आधी विचारतो, एसटी किती वाजता सुटते? मग अवघड भाग पंधरा मिनिटं पुढे ढकलतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहिली, जेवली. आधी पोराची सोय, मग धडा. त्यांच्या 'कमवा आणि शिका' योजनेत मात्र घाम गाळावाच लागे. हे आपण सोयीने विसरतो, सेवा म्हणजे लाड नव्हे! असाइनमेंट कोरी आली तर गुण शून्यच. फक्त तिथे हात झटकायचे नाहीत, शेजारी बसवून पुन्हा लिहून घ्यायची.

वेळ फार जातो, मोठ्या वर्गात तर दमछाकच. तरी मी दार उघडं ठेवतो. मागचं एक बाक मेढ्याच्या गाडीसाठी.